मोकळी पेटी

शिरोलीच्या फाउंड्रीत भिंतीला एक डबी लावलीय मी,
बोटभर अँटेना, चौसष्ट एमबी मेमरी.
भट्टीचं तापमान, लॅडलचं वजन, ब्लोअरचे फेरे
असलं बारीकसारीक गोळा करून
उद्यमनगरातल्या ऑफिसात धाडते.
आठ दिवस नीट. नवव्या रात्री मुकी.

मगदूमशेठ म्हणाले, बंद करून चालू करा की.
केलं की चालतेच.
तीच तर माझी तक्रार आहे.

म्हणून नवव्या रात्री तिथंच बसले,
लॅपटॉप उलट्या ड्रमवर, कानात कापूस,
डोकं कर्नलच्या पोटात.

पॅकेट विचारून येत नाही.
त्याच्याआधी जागा मांडलेली लागते :
चार हजार शहाण्णव बाइटचं एक पान,
मधोमध दुमडलं की दोघांची सोय.
पुढं कोरी पट्टी सोडायची,
वाटेत कुणाला पत्ता डकवायचा झाला
तर आख्खं पत्र मागं सरकवायला लागू नये.

आणि हे सगळं इंटरप्टमध्ये,
जिथं झोपायची मुभा नाही.
बाकीचे प्रोग्रॅम मेमरी मागतात, नसली तर डुलकी काढतात,
कुणीतरी पसारा आवरेल, मग मिळेल.
इथं हो किंवा नाही, आत्ता.
नाही आलं तर पॅकेट जमिनीवर
आणि काउंटरमध्ये एक वाढतो.
शोकसभा एवढीच.

दोन वाजता इलाही नदाफ ओरडले, "सरक गं पोरी!"
लॅडल झुलत आली. आतल्या रसाकडं बघवेना.
ओळीनं पेट्या, वाळू ठोकून तयार,
पण शेवटी तीन कमी पडल्या.
रस काही पेटी शोधेपर्यंत थांबत नाही.
उरलेला त्यांनी खड्ड्यातल्या वाळूत ओतला,
त्याचा कशाचाच नसलेला एक गोळा झाला.

"पेट्या गेल्या कुठं, चाचा?"
"हाईत की. पर परत आल्या न्हाईत."

बॅटरी घेऊन त्यांनी शेडमागं नेलं.
चांगला माल निघाला की पेटी मोकळी होते,
वाळू चाळून पुन्हा लायनीत येते,
ती वाट सगळ्यांच्या पायाखालची.
बिघडलेला माल मात्र पेटीसकट मागं,
"सकाळी बघू."
सकाळ कुणाची, ते ठरलेलं नाही.
घाणेरीच्या झुडपात एकवीस पेट्या,
एकीत मांजरीची पिल्लं.

मी पळतच आत आले.
ड्रायव्हर उघडला, चांगल्या पॅकेटची वाट सोडून दिली,
ती मी शंभरदा वाचली होती.
नासक्याची शोधली.
चेकसम चुकला तर : एरर मोज, पुढं चल.
पुढं चल!
पान परत ठेव, असं कुठंच नाही.

भट्टीनं वीज ओढली की केबलीत खरखर,
एका हीटमागं चाळीसेक पॅकेटं नासतात,
अर्धं अडकलं तरी आख्खं पान अडकतं.
नऊ दिवसांत दहा हजार पानं,
कुणी वापरत नाही आणि रिकामीही नाहीत.
खाली लिहिणाऱ्याचं नाव, तारीख.
नाव माझंच. तारीख दिवाळीच्या आदल्या दिवसाची,
गाडीला उशीर होत होता, हेही आठवलं.

एक ओळ घातली. साडेचार वाजले.
पंचगंगेच्या पुलावर दुधाचे टेम्पो,
रिकामे कॅन वाजवत गावांकडं निघालेले.
हसू आलं, का ते सांगता येणार नाही.

दहाव्या दिवशी फोन केला.
आकडा जागचा हलला नव्हता.
इलाहीचाचांना त्यातलं काही कळलं नाही,
त्यांनी आपलं एवढंच विचारलं,
"घावल्या का तुज्या पेट्या? किती?"
"दहा हजार."
पलीकडं बराच वेळ फक्त ब्लोअर.
मग म्हणाले, "माज्या ईसच आल्या.
एक पिल्लांपायी ठिवलीय."