दोनशे सतरा नंबरचा रुबिया

रानडे रोडच्या आत, चपलांच्या दुकानाला चिकटून
आमचं मॅचिंग सेंटर. आठ फूट रुंद.
भिंतभर रुबिया, टू बाय टू,
एकट्या हिरव्याच्याच त्रेसष्ट घड्या.
एकतीस वर्षं मी काउंटरमागे.
बायका पदराचं टोक पुढे करतात,
मी न बघता शिडी चढतो.

पहिला नियम: ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही.
साडी फुटपाथवर न्यायची, उन्हात धरायची.
आत आमसुली दिसतो तो बाहेर वांगी निघतो.
माणसांचं मला ठाऊक नाही.

हेमांगीताई कोचरेकर आमच्या तेव्हापासूनच्या,
साहेब वॉर्डात गटारांची झाकणं मोजत फिरायचे तेव्हापासूनच्या.
पहिल्या निवडणुकीला त्यांनी मोहरी रंग नेला,
पक्षाच्या झेंड्याचा. नंबर दोनशे सतरा.
साहेब अकरा दिवस आत होते
तेव्हा राखाडी साडी, पण काठ मोहरी, करंगळीएवढा.
लोकांनी काठच वाचला.
तिकीट कापलं त्या वर्षी गणपतीच्या आरतीला
मुद्दाम गडद, भडक, दुरून दिसेल असा.
माइक त्यांच्या हातात कुणी कधी दिला नाही.
मी मोजून द्यायचो
ऐंशी सेंटिमीटरचं एक वाक्य.

मार्चमधला मंगळवार. शटर अर्धं खाली.
त्या एकट्याच, ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी.
पिशवीतून पैठणी काढली,
घडीला अजून दुकानाची टाचणी.
अंजिरी.
म्हणजे समोरच्यांचा झेंडा.
पेपरात काही नव्हतं. टीव्हीवर साहेब सांगत होते,
मेलो तरी याच घरातून माझी तिरडी निघेल.
आमच्या धंद्यात रंग कळला की तोंड शिवायचं.

"ऊन गेलंय ताई, सकाळी या, बाहेर धरून बघू."
"बघायचं नाहीये. दोनशे सतरा द्या."
"ह्याच्यावर?"
"ह्याच्यावर."
"जाणार नाही, ताई."
"नाहीच जात," त्या म्हणाल्या,
आणि मीटरपट्टीकडे बघत राहिल्या.

गुरुवारी शपथविधी.
घरी बायको टीव्हीसमोर वाटाणे सोलत बसलेली.
साहेबांच्या गळ्यात अंजिरी उपरणं,
ओठांवर जनतेची इच्छा.
निवेदिका म्हणाली, सौभाग्यवतीही नव्या रंगात रंगल्या आहेत.
तेवढ्यात ताईंनी नमस्काराला हात जोडले,
खांद्यावरचा पदर सरकला, चार बोटं,
आणि मोहरी.

"अगोबाई," बायको म्हणाली,
"लाखाची पैठणी, अन् ब्लाउज बघा!
कुठल्या गाढवानं मॅचिंग करून दिलंय?"
मी म्हटलं, असेल एखादा.
एकतीस वर्षांची अब्रू, अख्ख्या महाराष्ट्रासमोर.
वाटाण्याची एक शेंग उचलली. रिकामी होती.

शनिवारी परळहून एक बाई आली,
जुन्या पक्ष कार्यालयात चहा करायची ती.
साडी आणलीच नव्हती. नंबरही माहीत नव्हता.
स्वतःच्या खांद्याला हात लावून म्हणाली, हा.
मग नायगावच्या दोघी. मग एक कॉलेजची पोरगी,
आजीसाठी हवाय म्हणाली.
बुधवारपर्यंत तागा संपला.

गुरुवारी साहेबांच्या पीएचा फोन.
अतिशय गोड आवाज.
ताईंना यापुढे काही देण्याआधी
आम्हाला फोटो पाठवत जा, काका.
पाठवतो म्हटलं. ट्यूबलाइटखाली काढून.

आता त्या येत नाहीत. ड्रायव्हर येतो,
सोबत टाइप केलेली चिठ्ठी:
साडी अंजिरी, ब्लाउज अंजिरी, परकर अंजिरी,
फॉल-पिको तातडीने.
मी चिठ्ठी दोनदा वाचली, मागची बाजूही पाहिली.
फॉल आतून शिवायच्या दोऱ्याचा रंग
लिहायचा राहून गेलाय.