अकरा फ्रेम्स

रात्रीचे अडीच. मेम्फिस, समर अव्हेन्यू,
कार्पेटच्या दुकानावरची माझी बिनखिडकीची खोली.
गाण्याचा आवाज बंद आहे.
रंग बघताना गाणं लागत नाही,
आणि हे तर कान किटतील इतकं गोड.

कीबोर्डखाली गॅरिकची चिठ्ठी:
‘त्याचा चेहरा उजळ. मुली सोनेरी हव्यात,
पुतळ्यांसारख्या.’
त्याआधी ‘माणसांसारख्या नकोत’ असं लिहून खोडलंय,
पण पेन दाबून लिहायची सवय आहे त्याला.

पडद्यावर पांढऱ्या खांबांचं घर. जिना.
जिन्यावर आडव्या झालेल्या सात काळ्या बायका,
आणि त्यांच्यामधून पांढऱ्या सूटात उतरत येणारा तो.
एकीच्या ओंजळीत कापसाची बोंडं.
एकीच्या गळ्यात साखळी, तिचं दुसरं टोक
फ्रेमच्या बाहेर गेलेलं.
कोणाच्या हातात, ते दाखवायचं नाही,
त्यातच म्हणे गंमत आहे.
मग दुधाने भरलेला टब. टबात गोरी मुलगी,
तिचं नाव पहिल्या पानावर.
तिला टॉवेल देणारा हात काळा.
हाताला नाव नाही.

बैठकीत विचारलं, तर म्हणाले,
‘हे सगळं सूचक आहे, व्हर्निटा.’
सूचक म्हणजे
ज्याला कळायचं त्याला कळतं,
आणि जो बोट दाखवेल
त्याचंच बोट वाकडं ठरतं.

माझ्या उजव्या हाताला एक गोल तबकडी असते,
तिच्यावर घड्याळात अकरा वाजावेत तिथे एक तिरकी रेघ.
पेटिग्रू मास्तर शिकवायचे तेव्हा म्हणायचे,
कोणाचीही कातडी आण पोरी,
निमगोरी, गव्हाळ, माझ्यासारखी अमावस्या,
सगळी या रेघेच्या आसपासच पडते.
ही रेघ कातडीची नाही, खालच्या रक्ताची.
आणि उजेड किती, हे तबकडी विचारतच नाही.

त्याचा चेहरा मोजला. रेघेवर.
टॉवेलचा हात. रेघेवर.
सोनेरी करायचं म्हणजे सातही जणींना
त्या रेघेवरून जरा ढकलायचं, पिवळ्याच्या दिशेने.
दोन बोटांचं काम.
सहा जणी ढकलल्या.
घरभाडं थकलंय, खोटं कशाला बोलू.

सातवी खालून तिसऱ्या पायरीवर.
तो तिच्यावरून पाऊल टाकतो,
आणि नेमका तेव्हाच तिच्या पोटरीत गोळा येत असावा,
कारण तोंड कसनुसं होतं,
बोटं पायरीची कड धरतात,
आणि ती सरळ कॅमेऱ्यात बघते:
अजून किती वेळ?

अकरा फ्रेम्स. अर्धा सेकंदही नाही.
एडिटरच्या नजरेतून सुटलं, की त्याने मुद्दाम ठेवलं,
मी विचारलं नाही, विचारणारही नाही.
तेवढा वेळ ती पायरी नसते, पुतळा नसते,
कशाचीही सूचक नसते.
पाय दुखणारी बाई असते.

पगाराच्या यादीत नाव सापडलं:
ओझेला ब्रँटली, बारा तास,
जेवणाचा अर्धा तास वजा.

तिच्याभोवती हाताने रेघ काढत गेले,
एकेक फ्रेम, कान, मान, ती कडेवरची बोटं.
आत काहीही ढकललं नाही.
चार वाजता पाहिलं तर
सहा सोन्याच्या बायकांत ती एकटीच तपकिरी,
डाग पडल्यासारखी.
गॅरिक सकाळी हेच म्हणणार: रंगाचा बेरंग केलास.

जायच्या आधी एकदाच आवाज लावला.
तिच्या अकरा फ्रेम्सवर
त्याचा कोणता शब्द येतो, बघायचं होतं.

शब्द नव्हता.
तो पुढच्या ओळीसाठी
श्वास घेत होता.