साधा वर्तमानकाळ

शुक्रवारी दुपारी, मुहर्रकला,
धोब्याच्या दुकानावरच्या खोलीत
मारिव्हिक टीचर आम्हाला रोजचा दिवस शिकवते.
खालून वाफेचा आणि स्टार्चचा वास.
एसी लावला की ट्यूबलाइट मिणमिणते,
म्हणून दोन्हींपैकी एकच.
आम्ही एसी घेतो.

कागदावर बारा घड्याळं, बारा चित्रं.
एक माणूस उठतो, दात घासतो,
टोस्ट खातो, कुत्र्याला फिरवून आणतो,
संध्याकाळी टेनिस खेळतो.
हा काम कधी करतो? दिलमाया विचारते.
नऊच्या चित्रात हातात बॅग आहे,
तेवढंच.

माझी पाळी.
आय गेट अप ॲट फोर.
व्हेरी गुड, मेहरून.
मराठीत 'उठते' म्हटलं की कळतं, बाई उठली.
इंग्रजीत नुसतंच कुणीतरी उठतं
चार वाजता, अंधारात,
बाई की बाप्या, पत्ता नाही.
मला ते बरं वाटलं. का कोण जाणे.

आय वॉश मामा औदा.
टीचरचा खडू थांबतो.
गाडी वॉश करतात, भांडी वॉश करतात,
माणसाला... ती पुटपुटते, मग म्हणते, चालेल.
म्हातारीचे पाय मी कोमट पाण्यात घेते तेव्हा
ती मला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारते
आणि मी ओ देते.
याचं क्रियापद कागदावर नव्हतं.

ऑलवेज, यूज्वली, समटाइम्स, नेव्हर.
फळ्यावर वरून खाली, जिन्याच्या पायऱ्या.
सेलाम म्हणते, आय नेव्हर स्लीप.
आम्ही हसतो.
ती वहीत तेच लिहून ठेवते.

दुसऱ्याचं सांगायचं तर शेवटी एस लावा.
मी करते, काही नाही. ती करते, एस.
मॅडम स्लीप्स. मॅडम ईट्स.
आणि गो टू मार्केट, गो टू बँक, गो टू हॉस्पिटल,
पण घराला टू लागत नाही. गो होम.
का? रफीकुल विचारतो.
असंच आहे, टीचर म्हणते, तिलाही ठाऊक नसतं.
मी मनात आमच्याकडचं लावून बघते:
बाजाराला जाते, बँकेत जाते, दवाखान्यात जाते
आणि घरी.
एक वेलांटी फक्त,
गडग्यावरून बाहेर वाकलेल्या माडासारखी.

रात्री दाभोळहून तहूराचा फोटो येतो.
सातवी ब, इंग्रजीची वही, समास आखलेला.
माय डेली रूटीन.
'माय मदर वेक्स मी अप ॲट सिक्स थर्टी.
माय मदर मेक्स टी.
माय मदर कोम्ब्स माय हेअर.'
गाइडातून उतरवलेलं, शब्द न् शब्द,
मदरच्या पुढचा एकही एस चुकला नाही.
लाल शाईत दहापैकी नऊ.
कोम्बमधला बी राहिला, म्हणून एक गेला.

मला येऊन चार वर्षं झाली.
चहा तिची फुफू करते.
केस तर तिनं मागच्या रमजानात
कुणालाही न विचारता कापून टाकले, कानापर्यंत.
खोटं कशाला लिहिलंस, असं बोलायला
व्हॉइस मेसेजचं बटण दाबून धरलं.
अकरा सेकंद माझा श्वासच भरला त्यात.
पुसून टाकला.

अडीच तासांचा हिशोब मला पाठ आहे.
बाजारभाव, पगाराची तारीख, नमाजाच्या वेळा,
सगळ्यात अडीच मिळवते नाहीतर वजा करते.
चार आणि अडीच
आज पहिल्यांदाच बोटांवर मोजले.

शनिवारी चारला उठते.
गीझरचा खटका टाकते
आणि पाणी तापेपर्यंत
बाथरूमच्या दारात उभी राहून
दाभोळला रिंग देते.
एकदा.
दोनदा.
तहूरा फोन कट करते.
म्हणजे उठली.