जांबोटीच्या पुढं

उद्यमबागेत मी वाळू चाळतो, अकरा वर्षं झाली.
कुठल्या चाळणीतून काय निसटतं
हे बोटांना कळतं, डोळे मिटले तरी.
म्हणून मच्छरदाणी घेताना म्हटलं,
ही नको, हिची भोकं मोठी.
दुकानदार हसला :
डास अडवायचेत का रवा चाळायचाय?

पोर आठ महिन्यांची. सुट्टी दोन दिवसांची.
साडूचं शेतघर, जांबोटी सोडून
कणकुंबीच्या वाटेला, झाडांत बुडालेलं.
पिशवीत पूर्ण बाह्यांची झबली, मोज्यांचे सहा जोड,
कुंची, आणि डॉक्टरीणबाईंचं बजावणं :
मलम तळहाताला नको, बोटं चोखते ती.
धूर नको, छाती कोवळी.
वैजू म्हणाली, फिरायला नेतोय का लढाईला?

राखणदार फकिराप्पा फाटकाशीच उभा.
पोरीकडं बघून म्हणाला,
"सोळ्ळे बाळ अदावरी."

वैजू चंदगडकडची. तिला एकच शब्द ऐकू आला.
पोरीला छातीशी ओढलं,
काय म्हणतोय तो बाळाला?
म्हटलं, बाळाला नाही गं.
डास पुष्कळ आहेत म्हणतोय.
त्यांच्यात बाळ म्हणजे पुष्कळ.
ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली,
मग बरोबरच आहे की.

तोवर फकिराप्पानं अंगणातलं जुनं टायर
कुणी न सांगता पालथं केलं.
मातीवर सांडल्या अळ्या,
काळे बारके स्वल्पविराम,
वाक्य नसलेले, वळवळणारे.

रात्री जाळीचा एक कोपरा खिळ्याला पुरेना.
बुटाची नाडी जोडली. चारी बाजूंनी
गादीखाली खोचली, दोनदा, तिसऱ्यांदा.
त्या दोघी आत.
मी बाहेर, खुर्चीत, बाह्या वर करून.
पहिली पंगत माझ्यावर, असा हिशोब.
बसा. पोटभर घ्या. आग्रह करतो.
आत कोण भुकेलं जाऊ नये.

रातकिडे एकसुरी. मधेच चोर्ल्याकडं उतरणारा
एखादा ट्रक, मग तोही झाडांनी गिळलेला.
कानाशी बारीक सूर यायचा, थांबायचा.
थांबला की कळायचं, बसला.
मी हात हलवला नाही.
असा शांत मी भट्टीपुढंही कधी नव्हतो.

सकाळी मोजायला घेतलं.
कोपरापर्यंत चौतीस, पुढं सोडून दिलं.
खरं पोरीच्या कानाच्या पाळीवर एक,
मसुराच्या डाळीएवढा, लाल.
वर बघितलं तर जाळीच्या आत, छताला,
फुगलेला, उडायला जड झालेला, तो.
म्हणजे मीच त्याला खोचून ठेवलेला आत,
दोनदा, तिसऱ्यांदा.

वैजू काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

आत शिरलो. दोन्ही हातांनी एक सणसणीत.
तळव्यावर थेंब.
पोर दचकली. आता रडणार, वाटलं.
ती माझ्या हातांकडं बघत राहिली,
पुन्हा, असं.
मी रिकाम्या हवेवर पुन्हा.
मग तिनंही. मोज्यांतले हात, आवाजच नाही.
मोजे काढले.
डावा उजव्या मनगटावर पडला, चुकला.
पुढचा लागला.

परतीच्या बसमध्ये बेळगावपर्यंत
एकसारख्या टाळ्या.
कंडक्टर तिकीट फाडताना थांबला,
"कूसु बाळ शाणे ऐतरी."
या खेपेला वैजूनं माझ्याकडं बघितलं नाही.
हो, म्हणाली त्याला, बाळच.

बुधवारपर्यंत कोपर खाजत होतं.
चाळण हलवता हलवता थांबायचो,
खाजवायचो,
वाळू अंगावर घेत पुन्हा.