खुंटीवरची पिशवी

जिन्याच्या अकराव्या पायरीला
मी नेलपॉलिशनं रेघ ओढलीय, लाल.
मागच्या पुरात पाणी तिथं येऊन थांबलेलं, तीन दिवस.
पिशवीची खुंटी त्याच्या पाच पायऱ्या वर.
हे म्हणाले, एवढ्या उंच कशाला?
म्हटलं, पाण्याला पायऱ्या मोजता येत नाहीत,
आपल्याला येतात.

त्या वर्षी काय घ्यायचं, काय ठेवायचं,
हे कमरेएवढ्या पाण्यात ठरवायला लागलं.
घरात आयुष्यभराचं सामान,
आणि नावेत बसल्यावर मूठ उघडून बघते
तर आत कुकरची शिट्टी.
कुकर खालीच.
गणपतीपेठेतल्या शाळेत आठ दिवस
मी ती शिट्टी पदराला बांधून फिरले.

म्हणून ही पिशवी.
खताची गोणी, तीन पाण्यांत धुतलेली,
मशीनवर दुहेरी टीप, आत जुन्या रेनकोटचं अस्तर.
रेशनकार्ड, घराचा उतारा, श्रेणिकचा जन्मदाखला
दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत घालून
मेणबत्तीवर कडा चिकटवल्या.
बॅटरी. खेळाच्या मास्तरांकडची असते तसली शिट्टी.
वीस हात दोरी. क्लोरीनच्या गोळ्या.
आप्पांच्या कानाच्या मशीनचे सेल, दोन पत्ते.
आणि भडंग, बिनलसणाचं, घट्ट बांधून.
आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत,
नावेला मात्र दिवस-रात्र नसते.
आप्पांना विचारलं, मामंजी, कसं करायचं?
ते म्हणाले, बांध पोरी,
नेम कोरड्या जमिनीचा असतो.

आषाढ लागला की भिंतीपलीकडून जैतुनबी रोज विचारते,
'किती?'
मी सांगते, 'एकतीस.'
पुलाच्या पट्टीवरचे फूट आम्ही दोघी
लेकराचा ताप सांगावा तसे सांगतो.
तिची पिशवी माझ्यासारखीच. मीच शिवून दिली.
शिट्टी वाजली की निघायचं, एवढं ठरलेलं.

यंदा आप्पा चैत्रातच गेले.
पाणी अडतीसवर आलं,
दीड दिवस तिथंच रेंगाळलं
आणि माघारी गेलं.

मग कार्तिकातल्या एका साध्या संध्याकाळी
कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला.
बॅटरी कुठंय? पिशवीत.
मेणबत्ती? पिशवीत.
काडेपेटी?
ह्यांनी अंधारात माझ्या गाठी सोडवायला घेतल्या,
म्हणाले, पुरापेक्षा हे अवघड.
बॅटरी काढली, बटण दाबलं. काही नाही.
सेल आतल्या आत पाझरून हिरवे झालेले.
चार महिने मी ज्याच्या भरवशावर झोपले
ते हे.

तेवढ्यात श्रेणिकला शिट्टी सापडली
आणि त्यानं ती जीव खाऊन फुंकली.

पहिल्यांदा कुत्री. मग भांड्यांचा आवाज.
मग आमच्या दारात जैतुनबी,
काखेत नातू, खांद्यावर गोणी, पायात चप्पल नाही.
'कुठवर आलं?'
'लाईट गेलीय गं,' मी म्हटलं.
ती मटकन उंबऱ्यावर बसली
आणि तिनं मला जी शिवी दिली
ती इथं लिहिण्यासारखी नाही.

मेणबत्ती तिच्या गोणीतली.
भडंग माझं, जरा सादळलेलं.
सूर्य कधीचा बुडालेला,
जमीन कोरडी ठणठणीत,
आणि आम्ही सगळे एकाच परातीत हात घालून खात होतो.
कुणी काही बोललं नाही.
मी एकदा आप्पांच्या फोटोकडं बघितलं,
अंधारात नुसती काच दिसली.

सकाळी पिशवी पुन्हा भरली.
नवे सेल, बाहेर काढून, वेगळे गुंडाळून.
श्रेणिकची चड्डी दोन बोटं आखूड झालेली, बदलली.
दोन गाठींऐवजी एकच, ओढली की सुटणारी.
तळाशी ते दोन पत्ते होते.
जैतुनबीला म्हटलं, तुमच्या सासऱ्यांना चालतील का?
ती म्हणाली, त्यांना ऐकूच यायला नकोय.

मग परत ठेवले.
जागा फार घेत नाहीत.