वजन

पहिल्यांदा त्यांनी मला नाव विचारलंच नाही.
म्हातारे ओव्हिदिओ देवळाच्या दारात उभे, हातात किल्ली
वीतभर लांब, गंजलेली. म्हणाले,
"पोरी, वजन किती तुझं?"

मी आडोशाला थांबले होते, एवढंच.
मी ज्या वाळवंटातली तिथं छत्री विकत मिळत नाही,
आणि चिलोएच्या या टीचभर बेटावर पाऊस
भाडं न देता राहणाऱ्या पाहुण्यासारखा.
मासे साफ करायचा कारखाना बंद पडून तीन आठवडे झालेले,
बोटांना अजून सॅमनचा वास,
परतीच्या बोटीचे पैसे अर्धेच.

"त्रेचाळीस किलो," मी म्हणाले.
या आकड्यावर सगळीकडे हसं व्हायचं.
पट्ट्यापाशी खोक्यावर उभं राहावं लागायचं मला,
मुकादम म्हणायचा, वारा सुटला की हिला धरून ठेवा रे.
ओव्हिदिओ हसले नाहीत.
आत वळून ओरडले,
"एर्सिरा, सापडली!"

धर्मगुरू इथं वर्षातून दोनदा, तेही समुद्राची मर्जी असली तर.
एरवी किल्ली, प्रार्थना, मयत, बांधावरची भांडणं
सगळं ओव्हिदिओंकडे.
देऊळ लाकडाचं. होड्या बांधणाऱ्यांनी बांधलेलं,
त्यांना दुसरं काही येत नव्हतं म्हणून
मान वर केली तर छत म्हणजे उलटी होडी,
आणि आपण तिच्याखाली. बुडालेले की वाचलेले
ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

मनोऱ्याचा शेवटचा टप्पा फार अरुंद.
तुळया जुन्या, जड माणूस नको.
माझ्या कमरेला दोर बांधला. खाली सात जणांनी तो धरला,
त्यातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं.
तुझा विश्वास आहे का, कुणी विचारलं नाही.
चढताना मात्र ठेवावाच लागला, दोरावर.

वर अंधार, पाखरांची घाण,
आणि जिथून गळत होतं त्या फटीत कोंबलेला
लोकरीचा एक मोजा.

खाली आणला. एर्सिरानं तो उलटा केला,
टाचेचे टाके बोटानं चाचपले.
"आईचं विणकाम.
रेनान चढायचा तेव्हा. तोही असाच, काडी.
एका पायात मोजा घालून घरी आला होता,
मार खाल्ला. कुठं टाकलास, शेवटपर्यंत सांगेना."
रेनान कुठं असतो, मी विचारलं नाही.
खिडकीतून समुद्र दिसत होता.
तिनं मोजा धुतला, चुलीवरच्या दांडीला वाळत घातला.

मग चार दिवस लाकडी कौलं ठोकली,
प्रत्येक कौल खालच्याच्या डोक्यावर
हात ठेवल्यासारखं.
नवी पिवळी दिसतात, जुन्या करड्या भिंतीत
सोन्याचा दात चमकावा तशी.
दोन-तीन हिवाळे गेले की ओळखू येणार नाहीत म्हणे.

बोटीचे पैसे कधीच पुरे झाले.
त्यांचे मी बूट घेतले.

रविवारी सगळे गुडघे टेकतात तेव्हा
मला अजून क्षणभर उशीर होतो.
कान वर असतात, थेंब पडतो का ऐकत.
पडत नाही.

नंतर शेजारच्या खोलीत उकडलेले बटाटे, शिंपल्या, धूर.
एर्सिरा माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढायला लागते,
आणि पलीकडच्या टोकाहून ओव्हिदिओ चमचा आपटतात:
"पुरे, पुरे! तिला वर चढायचंय."