चौथी सीडी

माउसला हात लावायचा नाही, वेइक्को बजावतो,
आईचा आवाज कॅसेटवरून सीडीवर चाललाय.
खोक्यावर लिहिलं होतं: एका वेळी अनेक कामं.
खोकं मी माळ्यावर जपून ठेवलंय,
पुरावा म्हणून.

बाहेर औलूत उणे एकवीस.
आत बापलेक सोफ्याच्या कडेला, पाहुण्यांसारखे,
पडद्यावर निळी पट्टी
एकेचाळीस टक्क्यांवर उकिडवी बसलेली.
तूलिक्कीला निबंध छापायचाय, सकाळी शाळा.
छापायला काय लागतं, ती पुटपुटते,
आणि एक बटण. एकच.

वाळूचं घड्याळ येतं. पंखा घुरघुरतो.
प्रिंटर अर्धी ओळ ओकून गप्प.
सीडी गेली. ही चौथी.

वेइक्को रागावत नाही, तेच वाईट.
बिघडल्या सीडीवर कॉफीचा कप ठेवतो,
पाचवी काढतो.

मी उभीच. एका हातात कालथा,
मान वाकडी करून धरलेला फोन,
पायात कुत्रं.
पलीकडून सासूबाई:
झाला का गं माझा आवाज?

माझ्या खोक्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

होतोय, म्हणते मी,
आणि मासा उलटते.